नाव अ‍ॅकरमनचे, रेषा कुणाच्या?

१/ मंडळी, या मालिकेत एरवी ताम्रपट, बारवा आणि बखरी येतात. आज विषय मोटारीच्या पुढच्या दोन चाकांचा आहे. वळताना ती एकमेकांना समांतर राहत नाहीत, राहूही नयेत. हे प्रथम कुणाला उमगले आणि त्यावर नाव कुणाचे लागले, याची ही हकिगत. पाठ्यपुस्तके या रचनेला ‘अ‍ॅकरमन स्टीअरिंग’ म्हणतात. अ‍ॅकरमनने ती शोधलेली नव्हती. एवढे मला पुस्तकातून कळले होते. पण त्याचा अर्थ कळला तो रावेर तालुक्यातल्या एका गॅरेजात, स्वतःच्याच एका हट्टाची किंमत मोजताना.

२/ सुरुवात जळगावच्या रथापासून करते. कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा लाकडी रथ शहरातून निघतो. ही परंपरा १८७२ पासूनची. रथ ओढणारे हात पुष्कळ असतात, पण दिशा त्यांच्या हाती नसते. ती असते चाकाशी वाकून चालणाऱ्या मोगरीवाल्यांच्या हाती. मोगरी म्हणजे लाकडाची जाड पाचर. रथ वळवायचा असेल तेव्हा ती नेमक्या चाकाखाली, नेमक्या क्षणी सारायची. मग रथाचे तोंड फिरते. थांबवायचा असला तरी मोगरीच. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून मी हे पाहिले आहे. चाकांवरची अवजड वस्तू वळवणे किती कठीण असते, याचा तो माझा पहिला धडा.

३/ दोन चाकांच्या बैलगाडीला हा प्रश्न पडत नाही. बैल वळले की जू वळते, जुवामागे गाडी वळते, आणि दोन्ही चाके आसावर सुटी असल्यामुळे आपापल्या वेगाने फिरतात. चार चाके आली की अडचण सुरू होते. युरोपातल्या घोडागाड्यांत यावर जुना उपाय होता: पुढचा संपूर्ण आस मधोमध एका उभ्या खिळीवर फिरवायचा. पण आस जास्त फिरला की पुढचे चाक गाडीच्या पोटाखाली शिरते. म्हणून पुढची चाके लहान तरी करावी लागत किंवा गाडी उंच तरी. शिवाय तीव्र वळणावर चार पायांचा आधार जवळजवळ तीन पायांचा होतो. घोडे बुजले आणि झटक्यात वळले, तर गाडी उलटायला एवढे पुरे.

४/ यावरचा चांगला उपाय असा: आस जागेवरच ठेवायचा आणि त्याच्या दोन टोकांना दोन स्वतंत्र खिळ्या देऊन फक्त चाके वळवायची. पण मग नवा प्रश्न उभा राहतो. वळताना गाडीची चारही चाके एकाच केंद्राभोवती चार वेगवेगळी वर्तुळे काढतात. आतल्या चाकाचे वर्तुळ लहान, बाहेरच्याचे मोठे. म्हणून आतल्या चाकाने जास्त वळायला हवे, बाहेरच्याने कमी. पुढच्या-मागच्या आसांतले अंतर २ मीटर आणि दोन खिळ्यांतले अंतर १.२ मीटर धरले, तर आतले चाक ३० अंश वळते तेव्हा बाहेरच्याने साधारण २३ अंशच वळले पाहिजे. हा सात अंशांचा फरक राखला नाही तर एक तरी चाक फिरण्याऐवजी घासत जाते.

५/ या वाटेवर पहिले ठळक नाव येते ते इरॅस्मस डार्विनचे. चार्ल्स डार्विनचे आजोबा. इंग्लंडात लिचफील्डला ते वैद्यकी करीत आणि रुग्णांकडे जाण्यासाठी वाईट रस्त्यांवरून वर्षाकाठी हजारो मैल गाडीतून फिरत. १७५८-५९ च्या सुमारास त्यांनी पुढची चाके स्वतंत्रपणे वळतील अशी रचना योजली आणि आपल्याच गाडीत ती वापरून पाहिली. पेटंट मात्र घेतले नाही. यंत्रांत रमणारा वैद्य म्हणून नाव झाले तर वैद्यकीला बाध येईल, अशी त्यांना भीती होती. १७६८ मध्ये गाडी उलटून त्यांच्या गुडघ्याची वाटी मोडली आणि पुढे त्यांच्या चालण्यात कायमचा लंगडेपणा राहिला. गाडीचे वळणे हा त्यांच्यासाठी दिवाणखान्यातला विषय नव्हता.

६/ दुसरे नाव म्युनिकचे: गेऑर्ग लांकेनश्पेर्गर. बव्हेरियाच्या राजदरबारासाठी गाड्या बांधणारा हा कारागीर. १८१६ मध्ये त्याने अशीच रचना केली: आस स्थिर, टोकांना फिरत्या खिळ्या, आणि दोन्ही चाकांना जोडणारी दांडी. त्याच्या देशात त्याला त्यासाठी राजमान्यता मिळाली. पण त्या काळी गाड्यांची मोठी बाजारपेठ होती लंडनला, आणि लंडनला त्याचा प्रतिनिधी होता रुडॉल्फ अ‍ॅकरमन.

७/ अ‍ॅकरमन हा माणूसही सामान्य नव्हे. जन्म १७६४, सॅक्सनीत. खोगीर-कामात हात बसला, मग गाड्यांचे आराखडे काढू लागला, आणि लंडनला येऊन स्ट्रँड या रस्त्यावर चित्रे आणि छापील प्रतिमांचे दुकान थाटले. पुढे तो इंग्लंडातला मोठा सचित्र प्रकाशक झाला. नेल्सनच्या अंत्ययात्रेच्या रथाची योजना त्याचीच. १८१८ मध्ये त्याने लांकेनश्पेर्गरच्या वतीने, पण स्वतःच्या नावावर, इंग्लंडात पेटंट घेतले. परदेशातून कळवलेल्या शोधाचे पेटंट ती कल्पना आणणाऱ्याच्या नावे देण्याची सोय तिथल्या पद्धतीत होती. तेव्हा याला चोरी म्हणता येत नाही. पण कागदावर नाव आले ते आडत्याचे, आणि दोनशे वर्षे तेच टिकले.

८/ गंमत अशी की त्या पेटंटाचा त्या काळी फारसा उपयोग झाला नाही. गाड्या बांधणाऱ्यांना जुनी रीत सोडायची नव्हती. नव्या रचनेत सांधे अधिक, म्हणजे झीज अधिक. आणि घोडागाडीत गाडी वळवतो तो घोडा. चाके नुसती मागोमाग येतात. चाकांनी स्वतः वाट धरण्याची गरज पडली ती घोडा गेल्यावर. १८७३ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या आमेदे बोले यांनी वाफेवर चालणारी गाडी बांधली आणि तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र खिळ्या दिल्या. गाडीचे नाव त्यांनी ठेवले ‘लोबेइसांत’, म्हणजे ‘आज्ञाधारक’. कल्पना तीच होती. तिची गरज आता उत्पन्न झाली होती.

९/ कार्ल बेंझ यांची १८८६ ची प्रसिद्ध मोटार तीन चाकांची का, हे कधी मनात आले आहे का? चार चाकांच्या वळण्याचे कोडे त्यांना तोवर समाधानकारक सुटले नव्हते. १८९३ मध्ये खिळ्यांवर वळणाऱ्या चाकांचे पेटंट त्यांनी घेतले आणि मग त्यांची चारचाकी बाजारात आली. म्हणजे १७५९, १८१६, १८७३, १८९३: एकच युक्ती चार ठिकाणी पुन्हा पुन्हा हाताशी आली. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण मशाल एका हातातून दुसऱ्या हातात जावी तसा सांगतो. इथे मशाल वारंवार विझलेली दिसते आणि प्रत्येकाने आपली काडी ओढलेली.

१०/ आता या हकिगतीतला सर्वांत कामाचा माणूस: शार्ल जाँतो, पॅरिसचा गाडीकार. १८७८ च्या सुमारास त्याने सात अंशांचा तो फरक साधण्याची सोपी आकृती दिली. प्रत्येक पुढच्या चाकाच्या खिळीपासून एक लोखंडी हात निघतो. दोन्ही हातांची टोके एका आडव्या दांडीने जोडलेली असतात. तिला आपण टाय रॉड म्हणतो. जाँतो सांगतो: हे दोन हात सरळ ठेवू नका, आत कलते ठेवा, इतके, की खिळीपासून हाताच्या टोकातून काढलेल्या दोन रेषा मागे जाऊन मागच्या आसाच्या मध्यावर मिळतील. मग गाडी वळताना आतले चाक आपोआप जास्त वळते. ही रीत प्रत्येक कोनाला काटेकोर नाही, अंदाजी आहे. पण कागदाशिवाय, नुसत्या दोऱ्याने तपासता येते. पुढे मला याच आकृतीने हात दिला.

११/ दुसऱ्या महायुद्धात विलिस कंपनीची जीप आली. दोन आसांतले अंतर ८० इंच, दोन्ही आस सलग लोखंडी, त्यांवर पट्ट्यांच्या स्प्रिंगा. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने मुंबईत विलिसच्या जीप जोडायला घेतल्या आणि त्या वंशाच्या गाड्या आपल्याकडे कित्येक दशके बनत राहिल्या. खानदेशात केळीच्या मळ्यांत आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या वाटांवर त्या अजून दिसतात. माझ्या मामांकडे अशीच एक जुनी जीप आहे. ती त्यांनी माझ्या जन्माआधी घेतली. माझी आई तिच्यातूनच सासरी आली.

१२/ दोन वर्षांपूर्वी मामा ती दुरुस्तीला देणार होते, तेव्हा मी हट्ट धरला: आता देतोच आहोत तर उंच करून घेऊ, रुंद टायर घालू, पॉवर स्टीअरिंग बसवू. अशा गाड्यांची छायाचित्रे मी रोज पाहत होते. मामा म्हणाले, “पोरी, चालतेय ती बरी चालतेय.” मी ऐकले नाही. शहरातल्या एका गॅरेजने काम घेतले. नव्या स्प्रिंगा आणि लांब शॅकल घालून पुढची बाजू ३ इंचांनी उचलली. दुसऱ्या गाडीचा पॉवर स्टीअरिंगचा डबा चेसीच्या पुढच्या टोकाला बसवला. डबा पुढे आल्यामुळे सगळी जोडणीही आसाच्या पुढे आणली. त्यासाठी एक सोपी युक्ती केली: ज्या तुकड्यावर चाक बसते आणि जो किंगपिनभोवती फिरतो, त्या स्टीअरिंग नकलची अदलाबदल. डावे नकल उजवीकडे, उजवे डावीकडे. मग मागे असलेले हात आपोआप पुढे आले. गाडी देखणी दिसत होती. तिच्यासोबत मीच पहिला फोटो काढून घेतला.

१३/ त्या पावसाळ्यानंतर आम्ही पालहून घाट उतरत होतो. मामा चालवत होते, मी शेजारी, मागे धाकटा मामेभाऊ. वेग चाळिसाच्या आतबाहेर. डावे चाक एका खड्ड्यात उतरले आणि कुणी हात धरून ओढावी तशी गाडी उजवीकडे गेली. उजवीकडे दरी होती. मामांनी चाक डावीकडे फिरवले. त्याच क्षणी गाडी खड्ड्यातून वर आली आणि स्वतःहूनही डावीकडे वळली. दोन्ही वळणे एकत्र झाली. आम्ही डोंगराकडच्या गटारात जाऊन आदळलो. कुणाला लागले नाही. मामा बराच वेळ स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिले आणि मग एवढेच म्हणाले, “मी नाही वळवली.” चाळीस वर्षे गाडी चालवणारा माणूस हे वाक्य मला पटवून देत होता, हे मला अजून बोचते.

१४/ चाकांचे अलाइनमेंट तपासून घेतले. यंत्राने सांगितले, सर्व ठीक. यंत्र खोटे बोलत नव्हते. गाडी सपाट फरशीवर, चाके सरळ, स्थिर उभी होती. त्या अवस्थेत सर्व ठीकच होते. चूक दिसणार होती ती गाडी खालीवर होताना आणि वळताना. मला एकदम वर्गातली एक गोष्ट आठवली: जमाखर्चाच्या वहीतली बेरीज बरोबर असली म्हणून नोंदी खऱ्या ठरत नाहीत, त्या कोणत्या प्रसंगी केल्या, हे पाहावे लागते. आम्ही ती जीप रावेरजवळच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे ओढून नेली. मामांच्या गाडीला त्यांनी पूर्वी अनेकदा हात लावला होता.

१५/ मिस्त्री गाडीखाली गेलेच नाहीत. पुढे उभे राहून त्यांनी बंपरखालून नुसते पाहिले आणि ड्रॅग लिंककडे बोट केले. स्टीअरिंगच्या डब्यातून पिटमन आर्म निघतो. त्याच्या टोकापासून डाव्या चाकाच्या हातापर्यंत जाणारी आडवी दांडी म्हणजे ड्रॅग लिंक. डबा चेसीबरोबर वर गेला, चाक खाली राहिले. म्हणून जी दांडी जवळजवळ आडवी हवी, ती जिन्याच्या कठड्यासारखी तिरपी झाली होती. “आस खालीवर होतो तेव्हा ही दांडी एका टोकावर झुलते,” मिस्त्री म्हणाले. “आडवी असली तर झुलण्याने लांबीत फरक पडत नाही. तिरपी असली की चाकाला ओढते नाहीतर ढकलते. स्टीअरिंग कुणी फिरवो न फिरवो.”

१६/ घरी येऊन मी गणित केले. दांडी ८०० मिलिमीटर, दोन टोकांच्या उंचीत फरक १०० मिलिमीटर. चाक आणखी ५० मिलिमीटर खाली गेले, तर दांडीचा आडवा पल्ला जवळजवळ ८ मिलिमीटरने कमी होतो. दांडी मुळात आडवी असती तर तो दीड मिलिमीटरच कमी झाला असता. चाकाचा हात १६० मिलिमीटरचा. म्हणजे आडव्या दांडीने चाक अर्धा अंश वळले असते, तिरप्या दांडीने ते जवळपास तीन अंश वळते. तीन अंश ऐकायला थोडे वाटतात. पण ताशी ४० किलोमीटर वेगात चाक अर्धा सेकंद जरी तसे राहिले, तरी गाडी फूटभराहून अधिक बाजूला सरकते. घाटातल्या अरुंद रस्त्यावर दरी आणि गाडी यांच्यात अनेकदा तेवढेच अंतर असते. मामांनी खरोखरच गाडी वळवली नव्हती.

१७/ इथे काम संपले असे मला वाटले. मिस्त्रींना वाटले नाही. गाडी वळताना जड का जाते आणि फरशीवर टायर का किंचाळतात, हे त्यांना खटकत होते. त्यांनी मला दोरा दिला. खिळीच्या मध्यापासून हाताच्या टोकावरून दोरा ताणायचा, दोन्ही बाजूंनी, आणि ओळंबा सोडून जमिनीवर खडूने रेष मारायची. “उस्ताद सांगायचे, दोन्ही हात मागच्या आसाच्या पोटाकडे बघत असले पाहिजेत,” ते म्हणाले. मी रेषा मारल्या आणि त्यांच्याकडे पाहतच राहिले. माझ्यासमोर जाँतोची आकृती होती, पण उलटी. आमच्या रेषा मागे मिळत नव्हत्या. त्या गाडीच्या पुढे, मोकळ्या अंगणात, एकमेकींना छेदत होत्या.

१८/ कारण नकलच्या अदलाबदलीत होते. मागे असताना आत कललेला हात, तुकडा दुसऱ्या बाजूला नेऊन पुढे केला, तरी आतच कललेला राहतो. पुढे आणलेल्या हातांनी मात्र बाहेर कलायला हवे. तरच त्यांच्या रेषा मागच्या आसावर मिळतात. खात्रीसाठी मिस्त्रींनी प्रत्येक पुढच्या चाकाखाली दोन-दोन कडाप्प्याच्या फरश्या ठेवल्या, मध्ये ग्रीस. त्यामुळे चाक अडखळल्याशिवाय वळते. मी कोनमापकाने मोजले. आतले चाक २४ अंशांवर होते तेव्हा बाहेरचे २७ अंशांवर. जे कमी हवे ते जास्त, जे जास्त हवे ते कमी. दोन्ही चाके दोन वेगळ्या वाटांनी जाऊ पाहत होती आणि मधली दांडी तो ताण सोसत होती. चिखलात हे कळले नसते, कारण तिथे टायर गुपचूप घसरतो.

१९/ दुरुस्ती अशी झाली. दोन्ही नकल आपापल्या बाजूला परत गेली आणि टाय रॉड पुन्हा आसाच्या मागे आला. डाव्या नकलच्या वर, किंगपिनच्या टोपणाच्या जागी, ड्रॅग लिंकसाठी एक स्वतंत्र, घडीव हात बोल्टांनी बसवला. त्यामुळे ड्रॅग लिंकचे खालचे टोक सुमारे १०० मिलिमीटर वर आले आणि दांडी आडवी झाली. म्हणजे एका तुकड्याने दोन्ही दुखणी मिटली: दांडी आडवी, आणि टाय रॉड आपल्या मूळ जागी. जुनी दांडी कापून वेल्डिंगने जोडता येईल का, असे मी विचारले. मिस्त्रींनी मान हलवली. “स्टीअरिंगच्या दांडीला वेल्डिंग करायचे नसते, बेटा. ती तुटते तेव्हा सांगून तुटत नाही.” नवी दांडी मागवली, आम्ही बारा दिवस थांबलो.

२०/ आणखी दोन कामे राहिली होती. लांब शॅकलमुळे आस पुढच्या अंगाला किंचित झुकला होता, म्हणजे किंगपिनचा मागचा कल कमी झाला होता. हा कल कॅस्टर म्हणून ओळखला जातो. वळण संपल्यावर चाके स्वतः सरळ होतात ती त्याच्या बळावर. त्यासाठी जुने शॅकल परत घातले आणि उरलेला फरक भरायला स्प्रिंग आणि आस यांच्यामध्ये लोखंडी पाचरी बसवल्या. शेवटी टो-इन: दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर मागच्या कडांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी उंची, मग कॅस्टर, मग दांड्या, आणि टो-इन सर्वांत शेवटी. कारण आधीचे काहीही हलवले की ते बदलते. पाचर हातात घेतली तेव्हा मला रथाची मोगरी आठवली. वळवण्याच्या कामात लाकडाच्या त्या तुकड्याचा भाऊबंद अजून नोकरीवर होता.

२१/ कडाप्प्यावर पुन्हा मोजले: आतले ३० अंश, बाहेरचे २४. पुस्तकातल्या २३ पेक्षा एका अंशाचा फरक, जो जाँतोच्या अंदाजी रीतीत अपेक्षितच आहे. मग मामा एकटेच गाडी घेऊन गेले. मला सोबत घेतले नाही. तासाभराने आले, चावी खुंटीला लावली आणि मामींना चहा टाकायला सांगितला. त्या चहात माझाही कप होता. आमच्या घरात माफी अशीच मागितली आणि दिली जाते.

२२/ एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करणे हा कायद्याचाही प्रश्न आहे; मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ त्याविषयीच आहे. मला ते हट्ट धरताना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची तसदी मी घेतली नव्हती. गॅरेजने चूक केली, हे खरे. पण ज्या रचनेचे नावही मला माहीत नव्हते ती बदलून घेण्याची घाई माझी होती. उंची दिसते, रेषा दिसत नाहीत. मी दिसणाऱ्या गोष्टीसाठी न दिसणारी मोडू दिली.

२३/ आता नावाकडे परत येऊ. डार्विन यांनी पेटंट घेतले नाही, म्हणून नाव लागले नाही. लांकेनश्पेर्गरचा कागद म्युनिकला राहिला. अ‍ॅकरमनचा कागद लंडनला झाला आणि पुढची पाठ्यपुस्तके इंग्रजीत लिहिली गेली. आकृती जाँतोची, पण ती अ‍ॅकरमनच्या नावाखाली शिकवतात. आपण इतिहासाचे विद्यार्थी कागदाच्या मागे जातो, आणि तेच योग्य आहे; कागदाशिवाय मी यातले काहीच सांगू शकले नसते. पण कागद सांगतो ते शोध नोंदवला कुणी. तो जिवंत कुणी ठेवला, हे तो सांगतोच असे नाही.

२४/ मी मिस्त्रींना मोबाइलवर जाँतोची आकृती दाखवली आणि म्हणाले, हे दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये काढलेले आहे. त्यांनी ती नीट पाहिली. “बरोबर काढलंय,” म्हणाले. अ‍ॅकरमन हे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. त्यांच्या उस्तादांना ती रीत कुणी सांगितली, असे मी विचारले, तर त्यांच्या उस्तादांनी, एवढेच उत्तर मिळाले. पॅरिसच्या एका कारखान्यापासून रावेरच्या अंगणापर्यंत त्या दोन रेषा कोणकोणत्या हातांतून आल्या, याचा एकही कागद माझ्याजवळ नाही. त्या आल्या आहेत, एवढे मात्र मी खडूने आखून पाहिले आहे.

२५/ तुमच्यापैकी कुणाच्या घरी उंच केलेली जीप असेल तर एक करा. गाडी सपाट जागी उभी करा, समोरून वाकून ड्रॅग लिंक आडवी आहे की तिरपी ते पाहा. मग दोरा, ओळंबा आणि खडू घ्या आणि दोन रेषा मारा. त्या मागच्या आसाजवळ मिळत नसतील तर गाडी घाटात नेऊ नका. आधी जाणत्या मिस्त्रीला दाखवा. आणि गाडी चालवणारे घरातले वडीलधारे कधी म्हणाले, “मी नाही वळवली,” तर त्यांच्यावर विश्वास ठेवा.